शिमगा सरला की पाला चढतो

माझ्या आईच्या मते जगात मासे दोनच प्रकारचे: पाला आणि बाकीचे. बाकीच्यांत पापलेट, सुरमई, रावस, बांगडा असे सगळेच आले. पापलेट खाणाऱ्यांविषयी तर तिचं म्हणणं असं, की काटे नकोच असतील तर माणसाने सरळ दुधी भोपळा खावा. पाला हा खरा समुद्रातला मासा, पण अंडी घालायला नदीत चढतो. आईच्या माहेरच्या खाडीत तो शिमगा सरला की यायचा. रुंद, चकचकीत, अंगात भरपूर चरबी, पोटात वीतभर अंड्यांची गाभोळी, आणि काटे इतके की नवख्याने पहिल्या घासालाच हात टेकावेत. पुनवेच्या भरतीला तिचे भाऊ होडी घेऊन निघायचे आणि वयात येईपर्यंत आईही त्यांच्याबरोबर जायची. हे सगळं मला ऐकून माहीत. बाराव्या वर्षापासून मी वाढले ती सिंगापूरला, बुकित पंजांगमधल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे बारा महिने पंखा फिरतो आणि शिमगा कधी आला नि कधी गेला हे पुण्याहून मागवलेल्या कॅलेंडरात बघावं लागतं.

बाबा पुण्याचे. कांदासुद्धा चातुर्मासात घरात न येणाऱ्या कुळातले. त्यांची पहिली नोकरी खाडीकाठच्या एका कारखान्यात लागली आणि तिथे ते ज्या बाईंच्या घरचा डबा खायचे, त्या माझ्या आजी. बाकीच्या पोरांच्या डब्यात माशाचं कालवण असायचं, बाबांच्या डब्यात वेगळी भाजी, आणि तो वेगळा डबा पोचवण्याचं काम आईकडे होतं. पुढचं सांगायला नको. लग्न झालं, दोन्हीकडे थोडी आदळआपट झाली आणि आई पुण्याला आली. सासरी तिला मासे खाऊ नकोस असं कोणी म्हटलं नाही. खावंसं वाटतं का, असंही कोणी विचारलं नाही. आईने आपणहून सोडले. माहेरी गेली तरी खाईना, कारण चव पुन्हा जिभेवर आली तर परत पुण्यात गेल्यावर जड जाईल असं तिला वाटायचं. मी, म्हणजे मिनू, बारा वर्षांची आणि धाकटी शमा पाच वर्षांची असताना बाबांना सिंगापूरला नोकरी मिळाली, तोवर आईने माशाला हात लावून एक तप उलटलं होतं.

त्या घरातला पहिला आवाज मला आठवतो तो बांबूंचा. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीत खोबण्या असत. लांब बांबूवर धुतलेले कपडे ओवायचे आणि तो बांबू खिडकीतून बाहेर काढून खोबणीत बसवायचा. सकाळी सगळ्या इमारतीत हा खटखटाट चाले. मग जुनं सामान घेणाऱ्याचा भोंगा, खालच्या आवारात साळुंक्यांची भांडणं, आणि शेजारच्या मकचिक झैतून यांच्या घरातून सुकवलेल्या कोळंबीची चटणी परतल्याचा वास. मकचिक म्हणजे मलायमध्ये मावशी. त्यांचे यजमान पाक्चिक, म्हणजे काका, युसुफ शाळेची व्हॅन चालवत. बाबा नाकाला रुमाल लावून त्या वासातून लिफ्टकडे जात आणि तरीही दोघांना रोज न चुकता गुड मॉर्निंग म्हणत. आम्ही मुली शाळेत जायचो. आणि मग आई उरायची. पुण्यात ती बालवाडीत शिकवायची, घरी यायची ती दहा बायकांशी बोलत. इथे तिच्या व्हिसाच्या पासवर नोकरी चालत नव्हती आणि बोलायला इंग्रजी पुरत नव्हतं. शमा वर्षभरात इंग्रजी फाडफाड बोलायला लागली. "आई, डोन्ट वॉन्ट लाह," असं ती इथल्यासारखा शेवटी लाह लावून पोळीला म्हणायची, आणि आई तिच्याकडे दुसऱ्याचं मूल बघावं तशी बघायची.

आई भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. ती भांडली नाही. ती गप्प होत गेली. पोळ्या वेळेवर होत, डबे वेळेवर भरले जात, पण तिचं गुणगुणणं थांबलं, मग टोमणे थांबले, आणि आमच्या घरात टोमणे थांबणं हे काही साधं लक्षण नव्हतं. एका रविवारी सकाळी आई-बाबा खिडकीशी कपडे वाळत घालत होते. बांबूचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्यांच्या. मी आत भाज्या निवडत होते. आई म्हणाली, "मिनूची परीक्षा झाली की मी दोघींना घेऊन परत जाते. तुम्ही इथं राहा. नोकरी सोडू नका."

बाबा एक शर्ट बराच वेळ झटकत राहिले. मग म्हणाले, "तुला इथं काय कमी आहे ते सांग. मी आणतो."

"कमी काही नाही," आई म्हणाली. "मीच कमी होत चाललेय."

आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील एका देशात आणि आई दुसऱ्या देशात. शनिवारी संध्याकाळी ती टेलिफोनशेजारी बसून राहायची. मला तसं बसायचं नव्हतं. मला पुणं हवं होतं की सिंगापूर, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला बांबूची दोन्ही टोकं धरलेली हवी होती, बस.

भाजीबाजारात जाताना आई मासळीचा भाग टाळून लांबून जायची. शिमग्याच्या आठवड्यात एकदा त्या लांबच्या वाटेवर फरशी धुवायला काढली होती म्हणून आम्हाला ओल्या मासळीतूनच जावं लागलं. मकचिक आमच्याबरोबर होत्या. आई पदर सावरून, नजर समोर ठेवून चालली होती, आणि अचानक थांबली. बर्फावर चार-पाच रुंद, चंदेरी मासे मांडले होते. आईने वाकून एकाच्या पोटाखालून बोट फिरवलं. तिथे पाल्याला करवतीसारखी धार असते. "मिने," ती म्हणाली, "पाला आहे गं हा."

"तेरुबोक," मकचिक म्हणाल्या. "व्हेरी नाइस. बट बोन्स, आयो, मेनी मेनी. यू कॅन ईट मेह?"

मकचिकनी हे शंकेने विचारलं आणि मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्षभरात तिच्या तोंडावर इतका स्वच्छ राग मी पाहिला नव्हता. "माय व्हिलेज फिश," ती मकचिकना म्हणाली. "आय ईट लाइक धिस." आणि तिने तोंडाच्या एका बाजूने घास आत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने काटे बाहेर काढायचे, असं करून दाखवलं. मासेवाल्या म्हाताऱ्यासकट सगळे हसले. पण मासा तिने घेतला नाही. डोळा लाल झालाय, बर्फात पडून दिवस झालेत, म्हणाली. पाला पाण्यातून निघाला की लगेच मरतो, तो त्याच दिवशी खायचा. मकचिकनी सांगितलं की त्यांचं माहेर पलीकडे मलेशियात, जोहोरमध्ये, नदीकाठी आहे आणि भाऊ सुलेमान हेच मासे धरतो. सध्या मासा नदीत चढतोय. घरी येईपर्यंत आई मला पाल्याविषयी सांगत होती. बसमध्ये, लिफ्टमध्ये, कुलूप उघडताना. पिशवीतली कोथिंबीर तशीच राहिली.

संध्याकाळी मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी मोजे काढता काढता ऐकून घेतलं, अर्धा मोजा पायात तसाच ठेवून उठले आणि शेजारची बेल वाजवली. ज्या माणसाला बोंबिलाच्या वासाने उमासे यायचे, तो मासेमारीची मोहीम ठरवून पंधरा मिनिटांत परत आला. रविवार, पाक्चिकची व्हॅन, आम्ही चौघं आणि ते दोघं. रविवारी शाळा नसल्याने व्हॅन मोकळी होती. फक्त निघायचं कधी, यावर घोटाळा झाला. सुलेमानचं म्हणणं होतं की पहाटेच्या नमाजानंतर लगेच पोहोचा. आईने कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं. "रविवारी धुळवड," ती म्हणाली. "आदल्या दिवशी पुनव. पुनवेच्या सुमाराला भरती दुपारी बाराच्या आसपास लागते. मग रोज पाऊण तास पुढे. खाडीवरचं शेंबडं पोर सांगेल. पहाटे जाऊन काय चिखल बघायचा?"

पाक्चिक भिडस्त माणूस. "माय ब्रदर-इन-लॉ से मॉर्निंग," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. आणि बाबा, ज्यांना खाडी म्हणजे पुलावरून दिसणारं पाणी एवढंच माहीत, ते आईच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी एक लिंबू आणि वाटी आणवली, वाटी म्हणजे पृथ्वी आणि लिंबू म्हणजे चंद्र असं धरून टेबलावर फिरवून दाखवलं, आणि इंग्रजीत ठणकावून सांगितलं की चंद्र तोच, समुद्र तोच, तेव्हा भरतीही तीच. बाबांना हे खरंच पटलं होतं का, हे मी त्यांना पुढे कितीदा विचारलं. माझा समज असा, की आई वर्षभरानंतर एखादी गोष्ट छातीठोकपणे सांगत होती आणि त्या क्षणी तिने सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं असतं तरी बाबांनी लिंबू उलटं फिरवलं असतं. पाक्चिक म्हणाले, "ओके लाह. मॅडम नोज."

रविवारी आम्ही निवांत निघालो. आईने हळद, तिखट, मीठ यांच्या पुड्या बांधून घेतल्या होत्या आणि माहेरून कधीतरी आलेली आमसुलं डब्याच्या तळातून काढली होती. पूल ओलांडून पलीकडे गेलो, पासपोर्टवर शिक्के झाले, रबराच्या झाडांमधून रस्ता लागला. आई खिडकीशी बसून गुणगुणत होती. शमाने मला कोपराने ढोसलं आणि कानात सांगितलं, "आई इज सिंगिंग." मी म्हटलं, गप, नाहीतर थांबेल.

नदीशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पाणी निघून चाललं होतं. काठाचा चिखल उघडा पडला होता, त्यात होड्या कलंडून बसल्या होत्या आणि चिखलात खेकडे फिरत होते. भरती सकाळीच येऊन गेली होती. जाळी दांडीवर वाळत घातलेली होती, मासे घेऊन व्यापाऱ्याची गाडी कधीच निघून गेली होती. सुलेमान, पन्नाशीचा, दात पानाने लाल झालेला माणूस, लुंगी आवरत पुढे आला आणि आमच्याकडे अशा दयेने बघू लागला की मला जमिनीत जावंसं वाटलं. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ निराळी असते, त्याला समुद्राचा तळ, सामुद्रधुनीची रुंदी अशी बरीच कारणं असतात, हे मी पुढे शिकले. त्या दिवशी फक्त एवढंच दिसत होतं की आई चुकली होती, आणि अशा गोष्टीत चुकली होती जी तिला झोपेतही येत होती.

ती लाकडी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. आम्ही तिच्या मागे. ती वळली नाही. "चंद्र तोच, समुद्र तोच," ती म्हणाली, "मीच तेवढी चुकीच्या ठिकाणी आहे. मला आता यात काही बोलायचं नाही. परीक्षा झाली की आम्ही जातो." शमाला यातलं काही माहीत नव्हतं. "गो व्हेअर, आई?" तिने विचारलं. मकचिक मलायमध्ये भावाला काहीतरी रागावून बोलत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाबांनी पायातले बूट काढले. त्यांनी ते मोजे आत घालून धक्क्यावर नीट ठेवले आणि स्वतः तिथेच मांडी घालून बसले. "पाणी गेलंय," ते म्हणाले. "संपलेलं नाही. संध्याकाळी परत येईल, त्याला दुसरी नोकरी नाही."

"आणि तुमची नोकरी? उद्या सोमवार आहे."

"बघू," बाबा म्हणाले. माझ्या जन्मापासून बाबांनी ऑफिसच्या बाबतीत बघू हा शब्द वापरलेला नव्हता. आईने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

ती दुपार फार मोठी होती. मकचिकच्या माहेरचं घर खांबांवर उभं होतं, खाली कोंबड्या आणि सायकली. वरच्या ओसरीवर बायका नारळ किसत बसल्या होत्या. भाषा येत नसली तरी किसणीवर बसलेली बाई दुसऱ्या किसणीवर बसलेल्या बाईला समजते. थोड्या वेळाने आईने एकीच्या हातून किसणी घेतली. आमसुलं दाखवली. त्यांनी आत जाऊन आपल्याकडची सुकवलेली आंबट फोड आणली. दोन्ही जिभेला लावून बघितली गेली आणि माना हलल्या. बाबांसाठी काकडी, शेंगदाणे आणि भात यांची सोय झाली. हा माणूस मासे खात नाही हे त्या घराला कळलं तेव्हा सुलेमानच्या म्हाताऱ्या आईने बाबांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना काहीतरी दुखणं असावं, असा तिचा ग्रह झाला तो शेवटपर्यंत गेला नाही.

ऊन उतरलं तसं पाणी वळलं. आधी चिखलातल्या चरांतून, मग होड्यांच्या बुडाशी, मग धक्क्याच्या खांबांवर चढत. सूर्य मावळायच्या बेताला सुलेमानने होडी सोडली. आत तिघांपुरती जागा होती. बाबांना पोहता येत नव्हतं, म्हणून ते शमाला घेऊन धक्क्यावर थांबले. आईने साडीचा काष्टा मारला. बालवाडीतल्या बाई म्हणून, आई म्हणून मी तिला ओळखत होते, पण होडीच्या कडेला हात न लावता आत उतरणारी ही बाई मी पहिल्यांदाच पाहिली. सुलेमानने इंजिन बंद केलं, जाळं सोडलं आणि आम्ही पाण्याबरोबर आत वाहत चाललो. जाळ्याच्या दोरीचं टोक होडीला बांधलेलं होतं. आईने त्या दोरीवर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

बराच वेळ काही झालं नाही. डास चावत होते. मग आई म्हणाली, "आला." सुलेमानने मान हलवली, थांबा म्हणून. आई पुन्हा म्हणाली, "आला, आणि एकटा नाही." तिने हे मराठीत सांगितलं, पण त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं, स्वतःची बोटं दोरीवर ठेवली आणि जाळं ओढायला घेतलं. दोघं ओढत होते, मी पाणी उपसत होते. जाळ्यात पाले होते. फार नव्हते, पण होते. होडीत पडले की एकदाच थडथड करायचे आणि संपायचे. समुद्रातून एवढं उलटं चढून यायचं आणि हवेत आल्याबरोबर जीव सोडायचा. पुढे एकदा शाळेत निबंधात मी या माशाची आणि आईची तुलना केली होती. तिला वाचून दाखवली तेव्हा म्हणाली, "अगं, मासा आहे तो. खा आणि हात धू."

धक्क्यावर शमा नाचत होती आणि बाबा हात वर करून उभे होते. आईने सगळ्यांत मोठा मासा शेपटीला धरून त्यांना दाखवला आणि ओरडून सांगितलं, "गाभोळीचा आहे." बाबांनी, गाभोळी म्हणजे काय हे पुरतं ठाऊक नसताना, टाळ्या वाजवल्या.

रांधलं आईने. अंगणात निखारे पेटलेले होते. तिने पाल्याला हळद, तिखट, मीठ आणि आंबट चोळलं, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यांवर ठेवलं, आणि गाभोळी वेगळी तव्यावर परतली. तो वास मी आजही सांगू शकत नाही, फक्त आला की ओळखते. ओसरीवर सगळे गोल बसले. आईच्या पुढ्यात पान आलं. तिने मासा बोटांनी उकलला, भाताबरोबर मोठा घास केला आणि तोंडात घातला. आमच्या गावची जीभच काटे काढते, दातांना कळतसुद्धा नाही, असं ती मला गेला आठवडाभर सांगत होती. तिने डोळे मिटले. एक घास, दोन घास. तिसऱ्याला तिचा चेहरा बदलला.

काटा घशात अडकला होता. ती खोकली, पाणी प्यायली, डोळे लाल झाले. मकचिकनी चटकन कोऱ्या भाताचे गोळे करून तिला न चावता गिळायला लावले. दोन-तीन गोळ्यांनंतर काटा उतरला. सगळे हसले, घरोघरी होतं असं हाताने सांगू लागले. पण आई हसली नाही. तिने हात पानावरून मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि रडायला लागली. होडीत नाही, चिखल बघून नाही, इथे. "माझी जीभ विसरली हो," ती बाबांना म्हणाली. "तिथं सोडलं आणि इथंही राहिलं नाही. आता मी कुठली?"

आजही मला या प्रश्नाचं चांगलं उत्तर सुचत नाही, आणि मी परदेशात जवळजवळ अख्खं आयुष्य काढलं आहे. बाबांनी चष्मा पुसला. आपलं काकडी-भाताचं पान बाजूला सारलं, आईचं पान आपल्यापुढे ओढलं आणि ट्यूबलाइटच्या उजेडात वाकून माशात बोटं घातली. ज्या हातांनी कधी अंडं सोललं नव्हतं, त्या हातांनी. सुरुवातीला त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ते तोंडाने श्वास घेत होते हे मला दिसत होतं. मग हळूहळू त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. "हे दोन ओळींत आहेत," ते स्वतःशी म्हणाले. "आणि टोकाला फांदी फुटते. म्हणजे आडवं ओढून चालणार नाही, मुळाकडून काढायला हवं." एकेक काटा काढून ते पानाच्या कडेला ओळीने ठेवत गेले. सुलेमानची म्हातारी आई पुढे सरकून बघू लागली. मासा निवून गेला. शेवटी बाबांनी पान आईपुढे परत सरकवलं. "जीभ शिकेल पुन्हा," ते म्हणाले. "तोवर मी आहे."

आईने नाक पुसलं आणि जेवायला लागली. सगळं संपवलं. मग मला गाभोळीचा तुकडा दिला, शमाला दिला. शमाने चाखून "नाइस लाह" म्हटलं आणि आई तिला दुसऱ्याचं मूल बघावं तशी न बघता म्हणाली, "छान म्हण. छान." बाबांनी हात साबणाने कितीदा धुतले ते मी मोजलं नाही, पण परतीच्या वाटेवर ते सारखे बोटं हुंगत होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

शमा माझ्या मांडीवर झोपली होती. पुलावर गाड्यांची रांग लागलेली होती, पुढे सिंगापूरचे दिवे. मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते. आई आता काय म्हणते यावर माझं सगळं अडलेलं होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अहो, पुढच्या पुनवेला आपण पहाटे निघू. सुलेमान सांगेल त्या वेळेला."

"पुढची पुनव मिनूच्या परीक्षेनंतर येते," बाबा म्हणाले.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "कॅलेंडर बघता येतं मला अजून."

त्या नदीवर आम्ही पुढे कितीतरी वर्षं जात राहिलो. आईने भरतीची वेळ सुलेमानला विचारायची आणि मग आपल्या हिशेबात किती फरक पडतो ते लक्षात ठेवायचं, असं करत त्या नदीचा वेगळा हिशेब बसवला. मकचिकच्या संगतीने ती मलायही बोलू लागली, तीही कोकणी हेलात. सुलेमान गेला, मग पाक्चिक गेले. त्या नदीतला पालाही आता फारसा राहिला नाही म्हणतात.

आई-बाबा आता सिंगापूरमध्येच, सेंगकांगला माझ्याकडे असतात. मी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात औषधं देते, संध्याकाळी घरी येते तेव्हा दोघं खिडकीशी बसून खालच्या रुळावरून जाणारी छोटी गाडी बघत असतात. पाला लिटिल इंडियातल्या बांगलादेशी दुकानात मिळतो, बर्फातला, लाल डोळ्याचा. आई तो नावं ठेवत ठेवत खाते. तिची नजर अधू झाली आहे, आणि बाबा अजूनही तिच्या पानावरचे काटे काढतात. मासा त्यांनी आजवर तोंडात घातलेला नाही. माझ्या लेकीने त्यांना काटे काढायचा चिमटा आणून दिला. "आजोबा, यूज धिस लाह, सो मच फास्टर." बाबा म्हणाले, चिमट्याला काटा कळत नाही. तो चिमटा आता टपालाची तिकिटं उचलायला वापरतात.

पण बाबांचे हात हल्ली थरथरतात. परवा जेवणं झाल्यावर मी आईचं ताट उचललं, उरलेला भात सारला आणि त्याच्याखाली काट्यांची छोटी चिमूट निघाली. पुढच्या वेळी मी लक्ष ठेवून बसले. बाबांकडून राहिलेला काटा घासात आला की आईचं चावणं क्षणभर थांबतं, गाल किंचित हलतो, ती तोंड पुसल्यासारखा हात ओठांशी नेते आणि तो हात भाताखाली जातो. बाबांना काही दिसत नाही. ठसका नाही, खोकला नाही. तिच्या गावच्या जिभेसारखी जीभ.

मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "आई, तुला सगळं जमतंय. मग बाबांना का तासभर वाकवून ठेवतेस? त्यांची मान दुखते."

"हळू बोल," आई म्हणाली. तिने बाहेर कानोसा घेतला. "त्यांना वाटतं, ते नसले तर मी उपाशी राहीन."

"आणि?"

"आणि राहीनच," आई म्हणाली. मग माझ्या हातातलं माशाचं भांडं घेऊन, भिंतीला हात लावत, ती बाहेर गेली. "अहो," मला ऐकू आलं, "अजून एक तुकडा आहे. करता का?"